एक्स्टर्नल डिस्कवर लिनक्स, विंडोजला धक्का न लावता

प्रश्न : घरी विंडोज ११ असलेला एकच लॅपटॉप आहे आणि मुलीचा महाविद्यालयाचा सगळा अभ्यास त्यावरच चालतो. मला लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली शिकायची असल्याने ती माझ्याकडील ५०० जीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकावी, असा विचार आहे. मात्र एका स्नेह्यांनी असे केल्यानंतर डिस्क काढली की त्यांचे विंडोजही सुरू होईना. हे कशामुळे होते आणि ते कसे टाळता येईल? (एक वाचक)

उत्तर : स्नेह्यांचे विंडोज बहुधा जागच्या जागी शाबूत असेल. डिस्क काढल्यावर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द आणि लुकलुकणारा कर्सर दिसत असेल, तर त्यांनी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बूटच्या, म्हणजे सुरू होण्याच्या, क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

लिनक्स बाहेरच्या डिस्कवर गेले, तरी ते सुरू करून देणारा ग्रब हा छोटा प्रोग्रॅम लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच जाऊन बसला, हे या घोटाळ्याचे मूळ आहे. आजच्या संगणकांत अशा प्रोग्रॅमसाठी ईएफआय नावाचे लहानसे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा राखून ठेवलेला भाग, असते. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ (पार्टिशन स्वतः ठरवण्याचा पर्याय) निवडल्यावर खाली बूट लोडर (म्हणजे इथे ग्रब) कोठे टाकायचा, हे विचारणारी चौकट येते; पण तिथे बाहेरची डिस्क निवडूनही इन्स्टॉलर आतल्या डिस्कवरचे ईएफआय पार्टिशनच वापरतो, असा अनुभव अनेकांना आलेला आहे. म्हणून त्या चौकटीवर विसंबू नये, तर इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसणारच नाही, अशी व्यवस्था करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बायोसमध्ये आतली डिस्क तात्पुरती बंद करण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास, आणि लॅपटॉप वॉरंटीबाहेर असल्यास, जाणकाराकडून ती डिस्क काढून घेणे सर्वांत निर्धास्त. यांपैकी काही करण्याआधी बिटलॉकरची (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर असे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आपोआप चालू असते आणि बायोसमध्ये बदल झाल्यावर विंडोज ही की मागू शकते. मुलीची परीक्षा तोंडावर असताना ती शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

एक्स्टर्नल डिस्कवर फोटो किंवा कागदपत्रे असतील, तर ती आधी दुसरीकडे कॉपी करावीत, कारण नव्याने पार्टिशन करताना ती सगळी जातील. इन्स्टॉलर चालवण्यासाठी ८ जीबीचा वेगळा पेन ड्राइव्ह लागेल. आपल्या डिस्कवर जीपीटी या पार्टिशन मांडण्याच्या पद्धतीने सुमारे ५०० एमबीचे ईएफआय पार्टिशन, लिनक्ससाठी ईएक्सटी४ स्वरूपाचे १०० जीबीचे पार्टिशन आणि उरलेल्या जागेत विंडोजलाही वाचता येईल असे एक्सफॅट पार्टिशन करावे. मिंट २० जीबीतही बसते. पण शिकताना माणूस नाना प्रोग्रॅम टाकून पाहतो, त्यामुळे जागेत काटकसर करू नये. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबण्यापूर्वी यादीतल्या डिस्कचा आकार वाचावा: ५०० जीबीची डिस्क तिथे साधारण ४६५ किंवा ५०० अशी दिसते, आणि पेन ड्राइव्ह वगळता तिच्याखेरीज दुसरी डिस्क दिसत असेल, तर तिथेच थांबावे.

काम संपल्यावर आतली डिस्क पूर्ववत करावी आणि बाहेरची डिस्क न जोडता विंडोज नेहमीसारखे सुरू होते ना, हे सर्वप्रथम पाहावे. त्यानंतर लिनक्स हवे असेल तेव्हा डिस्क जोडून बूट मेनूतून तिची निवड करावी. हा मेनू कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप या कळीने उघडतो.

आपली डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर मिंट सुरू व्हायला आणि प्रोग्रॅम उघडायला वेळ लागेल. डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टला जोडावी. यूएसबी २ चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट आहे. पुढेमागे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घेतल्यास फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. लिनक्स चालू असताना केबल सैल होणार नाही, याची मात्र काळजी घ्यावी, कारण त्या क्षणी पूर्ण कार्यप्रणालीच खालून काढून घेतल्यासारखे होते आणि लिहिल्या जात असलेल्या फाइली खराब होऊ शकतात.