वॉशिंग्टन हे आडनाव मूळचं कुठलं? त्यांचं कुलचिन्ह कसं आहे?
आडनाव गावावरून आलंय. ईशान्य इंग्लंडमध्ये, डरहॅमजवळ वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्नला तिथली जहागीर मिळाली आणि त्याने गावाचंच नाव लावलं. पुढे एक शाखा नॉर्दम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्हला स्थिरावली; जॉर्ज वॉशिंग्टन तिचे वंशज.

त्यांची ढाल मला फार आवडते, इतकी साधी आहे ती: रुपेरी जमिनीवर दोन आडवे लाल पट्टे, वर तीन लाल तारे. वॉशिंग्टन डीसीचा १९३८ साली स्वीकारलेला ध्वज थेट तिच्यावरूनच घेतलाय.

मात्र इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला नाही, विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. म्हणून ‘तुमच्या आडनावाची ढाल’ विकणाऱ्यांवर कृपया पैसे घालवू नका.