ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना येशूबद्दल समजेल असं कसं सांगावं?

'येशू आपल्या पापांसाठी मेला' असं तुम्ही ऑफिसातल्या मित्रांना सांगता आणि ते विचारतात, "दोन हजार वर्षांपूर्वी कुठेतरी कोणी मेला, त्याचा माझ्याशी काय संबंध?" मग पुढे काय बोलावं ते तुम्हाला सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

मित्रांचा प्रश्न रास्त आहे. तुम्ही त्यांना गोष्टीचा शेवट आधी सांगताय. आपण संडेस्कूलपासून जे ऐकत आलो, ते त्यांच्या कानावर कधी पडलेलंच नाही. वधस्तंभापर्यंत न्यायचं तर आधी यहुद्यांच्या वल्हांडण सणाची गोष्ट सांगा: मिसरात (म्हणजे इजिप्तमध्ये) गुलामीत पिचलेले इस्राएली, तिथल्या राजाचा, फारोचा हट्ट, आणि सुटकेच्या रात्री घराघराच्या दारचौकटीला लावलेलं कोकराचं रक्त. ज्या दाराला रक्त, त्या घरात मरण शिरलं नाही. येशूला क्रुसावर दिलं ते याच सणाच्या दिवसांत, यरुशलेम यात्रेकरूंनी गजबजलेलं असताना. एवढं ऐकल्यावर बाप्तिस्मा देणारा योहान त्याला 'देवाचा कोकरा' का म्हणतो ते निदान कळतं. पटणं न पटणं पुढचं.

गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' असंच चालतं. ओवीबद्ध मराठीतला हा ग्रंथ सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतो, पहिला भाग सगळा जुन्या कराराचा, म्हणजे बायबलमधल्या येशूपूर्वीच्या भागाचा, आणि येशूच्या जन्मासाठी दुसरं पुराण उजाडावं लागतं. माणूस मूळचा इंग्रज, पण श्रोत्यांना काय ठाऊक नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषित पौलाचंही तेच. सभास्थानात यहुद्यांपुढे तो शास्त्रवचनं काढतो. लुस्त्र गावात यहुदी नसलेले लोक त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला देव समजून बैल बळी द्यायला निघतात, तिथे तो पाऊस, हंगाम आणि पोटभर अन्न देणाऱ्या देवाबद्दल बोलतो. अथेन्सात तर ग्रीकांच्याच कवींचा दाखला देतो. तरी पुनरुत्थानाचा विषय निघाल्यावर काहीजण तिथे हसलेच. (नीट सांगितलं की समोरचा मान डोलावणारच, अशा भ्रमात राहू नका.)

जेवणाच्या सुट्टीत सांगायला माझ्या मते येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीसारखी गोष्ट नाही. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. इथे आपल्या लोकांना काहीच समजवावं लागत नाही, भावकीत असा एकतरी असतोच. पैसा उडवून तो डुकरं राखायला लागतो. इथे मात्र जरा थांबायचं, कारण यहुद्यांना डुक्कर निषिद्ध, आणि पोरगा किती रसातळाला गेला ते त्याशिवाय लक्षात येत नाही. मग बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. तिकडे थोरला शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो आणि घरात पाऊल टाकायला तयार नाही. ऐकणारे हमखास त्याची बाजू घेतात: "बरोबरच आहे त्याचं! इतकी वर्षं राबला कोण?" घालू द्या वाद. बाप बाहेर येऊन त्याचीही मनधरणी करतो, पण शेवटी तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही. देवाकडे आपण कसा बाप म्हणून पाहतो, हे सिद्धांताचा एकही शब्द न काढता इथे पोचतं.

वातावरण गोड राहावं म्हणून "शेवटी सगळं एकच हो" असं मात्र म्हणू नका. आपली श्रद्धा एका ठरावीक काळी, ठरावीक ठिकाणी घडलेल्या घटनेवर उभी आहे. येशूला क्रुसावर देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताचं नाव आपण उपासनेत विश्वासाच्या अंगीकारात घेतो ते उगाच नाही. मित्र म्हणेल, मला नाही पटत. म्हणू दे.

आणि हा आपल्याला बाटवायला बघतोय की काय, ही शंका समोरच्याच्या मनात असतेच. सध्याची हवाच तशी आहे. तेव्हा विचारलं तेवढंच सांगा. त्यानं विषय बदलला तर तुम्हीही मुकाट्यानं क्रिकेटवर या, आणि जाताना हातात पत्रक कोंबू नका.