लिंकर सापडेना, आणि नऊ मोठे की बारा?

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब मी पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर करतो. आता रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचं ठरवलंय. उबुंटूवर रस्टअप (रस्ट बसवायचं साधन) टाकलं, 'कार्गो न्यू'ने नवा प्रकल्प केला आणि तो चालवायला पहिल्यांदाच 'कार्गो रन' दिलं तर 'लिंकर सीसी नॉट फाउंड' असं येऊन अडकलो. पुन्हा टाकलं तरी तेच. शिवाय दर व्हेरिएबलचा टाइप (आकडा की मजकूर ते) लिहीत बसायचं म्हणजे काम वाढणारच ना?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रस्टअप दहा वेळा टाकलंत तरी तेच येणार, कारण बिघाड त्यात नाहीच. रस्टचा कंपायलर तुमच्या कोडचे मशीनच्या भाषेतले तुकडे करून देतो. ते जोडून चालणारी फाइल बनवायची, हे काम लिंकरचं, आणि तो सिस्टीमवर असेलच असं कंपायलर धरून चालतो. 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' एवढं एकदा करा. (विंडोजवाल्यांना याच जागी मायक्रोसॉफ्टची सी++ बिल्ड टूल्स लागतात. डाउनलोड दांडगं आहे, पण सहसा सुटका नाही.)

टाइप वाटतात तितके लिहावे लागत नाहीत. 'लेट'पुढे साडेनऊ ठेवले की हा एफ६४, म्हणजे दशांशाचा आकडा, हे कंपायलर आपणच ओळखतो. फंक्शनच्या तोंडाशी मात्र आत काय येतं नि बाहेर काय जातं, ते लिहावंच लागतं. तिथेच खरी कमाई आहे.

मीही पायथनवालीच. एका संस्थेसाठी दिवसातलं सर्वांत जास्त दूध कोणाचं, ते काढायचं होतं. फाइलमधून आकडे वाचले, 'मॅक्स' लावलं. साडेनऊ लिटरवाला पहिला, बारावाले मागे! आकडे मी मजकूर म्हणूनच ठेवले होते, आणि पायथनने शब्दकोशातल्यासारखं पहिलं अक्षर पाहिलं. नऊ मोठा, एक लहान. एरर नाही, काही नाही. चूक पकडली ती बारावाल्या आजोबांनी, फलकासमोर उभं राहून.

रस्टमध्ये जादू नाही; मजकुराची यादी दिलीत तर तिथेही नऊच वर येईल. पण फंक्शनला एफ६४ हवेत असं एकदा लिहिलं, की मजकूर आत शिरूच शकत नाही. कंपायलर ई०३०८ (टाइप जुळत नाही, ही चूक) म्हणत ओळीवर बोट ठेवतो. 'रस्टसी --एक्सप्लेन ई०३०८' करून बघा, उदाहरणासकट समजावतो.

मग मजकुराचा आकडा करायला 'पार्स' वापराल आणि लगेच ठेच लागेल. 'रीड_लाइन'ने घेतलेल्या ओळीच्या शेपटीला एंटरही चिकटून येतो. पायथनमध्ये हेच काम करणारं 'फ्लोट' तो एंटर गुपचूप गिळतं, 'पार्स' गिळत नाही. आधी 'ट्रिम'ने तो छाटा. कोणी देवनागरी आकडे टाइप केले तर पायथन तेही मुकाट घेतो, रस्ट परत पाठवतो. 'पार्स'कडून मिळतो तो रिझल्ट : आत आकडा असेल, नाहीतर चूक. सुरुवातीला सगळेच 'अनरॅप' (आकडा दे, चूक असेल तर प्रोग्राम तिथेच पाड) लावून मोकळे होतात, मीही व्हायचे. पण पहाटे कॅन घेऊन रांग लागलेली असताना प्रोग्राम कोसळायला नको, तेव्हा केंद्रावर नेण्याआधी तिथे 'मॅच' लिहून आकडा आला तर काय नि चूक आली तर काय, दोन्ही सांगा.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये रस्ट-ॲनालायझर हे एक्स्टेन्शन घाला. ओळखलेले टाइप तो फिकट अक्षरांत दाखवतो. लिहिता लिहिता चुका तपासायला 'कार्गो चेक' मारत राहा, पूर्ण बिल्डपेक्षा लवकर होतं.

आणि रुपये एफ६४मध्ये ठेवू नका. रुपयांचे पैसे करून आय६४मध्ये, म्हणजे पूर्णांकात, ठेवा. लिटर आणि फॅटला एफ६४ चालेल.