ड जीवनसत्त्व कमी असल्यामुळे कोलेस्टेरॉल वाढते का?

तपासणीत ड जीवनसत्त्व कमी आणि कोलेस्टेरॉल जास्त आढळले, तर पहिल्यामुळे दुसरे घडले का, असा आपला प्रश्न आहे. या दोन गोष्टी अनेकदा सोबत आढळतात, परंतु एकीमुळे दुसरी होते हे सिद्ध झालेले नाही.

त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यापासून उन्हातील अतिनील किरणांमुळे ड३ जीवनसत्त्व आणि विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने कोलेस्टेरॉल तयार होते. त्यामुळे ऊन टाळले की सारे द्रव्य कोलेस्टेरॉलकडे वळते, असा तर्क समाजमाध्यमांवर हिरिरीने मांडला जातो. तो आकर्षक असला तरी टिकणारा नाही, कारण रक्तातील कोलेस्टेरॉलचे नियमन मुख्यतः यकृत करते. दोन्ही सोबत आढळण्याचे खरे कारण बहुधा स्थूलता आणि बैठी जीवनशैली हे असते: ड जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्याने ते चरबीत साठून राहते व रक्तात कमी दिसते, आणि त्याच व्यक्तीचे ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद) वाढलेले व एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) कमी असते.

अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज २००० एकक (आययू) ड३ पाच वर्षांहून अधिक काळ देऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

कमतरता असल्यास हाडांसाठी उपचार अवश्य घ्यावेत; मात्र त्या भरवशावर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) बंद करू नये, तसेच आठवड्याला घ्यायची ६०,००० एककांची पुडी डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने चालू ठेवू नये, कारण त्यामुळे रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.