विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात एकच दुपार हाताशी असेल तर काय बघावं?

तीनच तास आहेत, चित्रकलेचं शिक्षण नाही आणि विद्यापीठाचं संग्रहालय म्हटल्यावर थोडं दडपण आलंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी ते दडपण सोडा. ही संग्रहालयं शिकणाऱ्यांसाठीच मांडलेली असतात, त्यामुळे ज्याला काही माहीत नाही त्याचं तिथे सगळ्यात जास्त फावतं. ऑक्सफर्डचं अ‍ॅश्मोलियन, केंब्रिजचं फिट्झविल्यम, येलची आर्ट गॅलरी इथे तर प्रवेशही मोफत आहे.

माझं सांगणं एवढंच: सगळी दालनं पालथी घालू नका. मी सुरुवातीला तेच करायचो. प्रत्येक पाटी वाचत पुढे सरकायचो आणि रात्री डोळ्यांपुढे एकही चित्र उभं राहायचं नाही. आता पहिला अर्धा तास नुसता फेरफटका मारतो, पाट्या न वाचता. जिथे पाय आपोआप थबकतात ते चित्र धरायचं आणि त्याच्यासमोर निदान पाऊण तास बसायचं. पाटी नंतर वाचायची.

पाऊण तास फार वाटेल. हार्वर्डमध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच कलाकृतीसमोर तीन तास बसायला सांगतात. अमेरिकी चित्रकार कोप्लीने १७६५ मध्ये काढलेलं, मुलगा आणि उडणारी खार यांचं एक चित्र आहे. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांची कड सारखी आहे हे लक्षात यायला त्यांना स्वतःला नऊ मिनिटं लागली. मागच्या पडद्याच्या चुण्यांमध्ये त्याच मुलाच्या कानाचे आणि डोळ्याचे आकार लपलेत हे दिसायला पाऊण तास. जाणकार नजरेला एवढा वेळ लागतो, मग आपण घाई का करायची?

दुपारची वेळ निवडलीत हे छान केलंत, कारण उजेड बदलतो आणि त्याबरोबर रंगही. रंगावर उजेड काय करतो याचं हार्वर्डमधलं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोने १९६०च्या दशकात विद्यापीठाच्या एका भोजनगृहासाठी मोठी चित्रं केली. त्यातला एक लाल रंग उन्हाला टिकणारा नव्हता. मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने तो विटत गेला आणि शेवटी चित्रं काढून कोठारात ठेवावी लागली. नूतनीकरणानंतर २०१४ मध्ये हार्वर्डचं कलासंग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा ती परत मांडली, पण ब्रश न लावता. उडालेला रंग प्रोजेक्टरच्या प्रकाशाने कॅनव्हासवर भरून काढला होता. रोज दुपारी चार वाजता ते प्रोजेक्टर बंद करत आणि फिकी झालेली मूळ चित्रं समोर उरत.

रेखाचित्रं, छापचित्रं, जलरंग असलेल्या दालनात अंधूक वाटेल तेही याच कारणाने. कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून तिथे उजेड साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्रं बदलतात. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या.

आणि एक गोष्ट, जी फारच कमी लोक करतात. अशा बऱ्याच संग्रहालयांत अभ्यासिका असते. आधी ईमेल करून वेळ घेतली की कोठारातली रेखाचित्रं तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. तुम्ही विद्यार्थी असायलाच हवं असं नाही. हार्वर्डमध्ये अशी सोय आहे, अ‍ॅश्मोलियनमध्येही. काय बघायचंय ते संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीतून निवडून, त्या चित्राच्या नोंदणी क्रमांकासह कळवा. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल न्या. शतकांपूर्वीच्या कागदावर चित्रकाराने एकच हात तीन वेगवेगळ्या रेषांनी काढून बघितलेला असतो, आणि मध्ये काचही नसते. तारीख ठरली असेल तर ईमेल आजच करा, वेळ मिळायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात.