टोपीखाली छिद्रं असलेल्या सगळ्या अळंब्या बोलेटसच्या नात्यातल्या असतात का?

नाही. बोलेटस हा टोपीखाली छिद्रं असलेल्या मांसल अळंब्यांचा एक वंश. पण झाडाच्या खोडावर वाढणाऱ्या चिवट पॉलिपोर अळंब्यांनाही छिद्रं असतात, पण त्यांचा गण वेगळा. उलट डीएनएच्या तुलनेतून ठरलेल्या बोलेटसच्या गणात (बोलेटेलीज) छिद्रं नसलेलेही बरेच आहेत: पापुद्रे असलेला पॅक्सिलस, गोळ्यासारखा स्क्लेरोडर्मा, इतकंच काय, बस्तरमध्ये सालाच्या झाडाखाली मिळणारा बोडासुद्धा (तो अॅस्ट्रियस). जमिनीखाली वाढणारा रायझोपोगॉन तर छिद्रं असलेल्या सुइलसचा जवळचा नातलग निघाला, हे 1989 मध्येच दाखवलं गेलं. दिसायला दोघांत काडीचंही साम्य नाही! म्हणजे टोपीखालची रचना उत्क्रांतीत बऱ्यापैकी सहज बदलते, त्यामुळे तेवढ्यावर नातं ठरवणं धोक्याचं.

एक मात्र आहे. टोपी आणि दांडा दोन्ही मांसल, अळंबी जमिनीतून उगवलेली, खाली नळ्यांचा स्पंजासारखा थर आणि तो टोपीपासून सहज सुटा होतो, असं सगळं एकत्र दिसलं तर ती बहुधा बोलेटच. नेमकी प्रजाती मात्र जुन्या पुस्तकावरून सांगू नका, कारण बरीच नावं बदलली आहेत. बोलेटस सॅटानस 2014 पासून रुब्रोबोलेटस झाला, बोलेटस बॅडियस इम्लेरिया झाला. बोलेटस एड्युलिस तेवढा जागेवर आहे.