४५० वॉटच्या पॉवर सप्लायवर आरटीएक्स ३०६० चालेल का?

म्हापशाहून आपण विचारले आहे की आय५-१२४०० प्रोसेसर आणि जुना ४५० वॉटचा पॉवर सप्लाय असताना आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवावे का. माझ्या मते बसवू नये.

डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा लेबलवरील १२ व्होल्टच्या रांगेतील अँपिअर महत्त्वाचे आहेत, कारण कार्ड आणि प्रोसेसर हे दोन्ही मुख्यतः तिथूनच वीज घेतात; तेथे ३० अँपिअर लिहिले असतील, तर प्रत्यक्ष उपलब्ध शक्ती ३६० वॉटच ठरते. कार्ड १७० वॉट आणि प्रोसेसर कमाल ११७ वॉट घेतो, म्हणजे पंखे, डिस्क व वीजवापरातील क्षणिक उसळ्यांसाठी फारच थोडे उरते. या कार्डाची चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाची शिफारसही ५५० वॉटची आहे.

कार्डाला वीज देणारी ८ पिनांची पीसीआय-एक्स्प्रेस केबल सप्लायमधूनच आलेली असावी. प्रोसेसरची ८ पिनांची केबल तशीच दिसते, पण तिची जोडणी वेगळी असते. ती येथे मुळीच लावू नये. मोलेक्स, म्हणजे जुन्या ४ पिनांच्या जोडणीवरून वीज घेणारा अडॅप्टरही टाळावा.

आपल्याकडील खाऱ्या, दमट हवेत जुन्या सप्लायचे कनेक्टर गंजतात, म्हणून ५५० वॉटचा नवा, चांगल्या प्रतीचा सप्लाय आधी घ्यावा आणि कार्ड नंतर.